सिल्व्हिया आणि तिचे दोघे

लघुग्रहावर पुस्तक लिहितोय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तो पृथ्वीवर आदळणार का? लोणारचं विवर आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, तेव्हा मराठी माणसाने हे विचारावं यात वावगं काही नाही. पण सिल्व्हियाच्या बाबतीत या प्रश्नात फारसा दम उरत नाही. सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ आली तरी ती पृथ्वीच्या कक्षेपासून तीस कोटी किलोमीटरहून लांबच राहते. दुसरा प्रश्न सोन्या-प्लॅटिनमचा. तिथेही सांगण्यासारखं काही नाही. सिल्व्हिया धातूची नाही, काळपट कार्बनयुक्त द्रव्याची आहे, आणि अंगावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम चार-पाच टक्के उजेड ती परत पाठवते. भीती नाही, लोभ नाही, म्हणजे वर्तमानपत्राच्या हिशेबी बातमीच नाही.

मग आज नोंद झालेल्या तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांमधून हिचीच निवड का? एक कारण असं की ती भारतातून सापडली. पण तेवढ्यावर लेख होईल, पुस्तक होणार नाही. खरं कारण वेगळं आहे. सिल्व्हियाकडे आजवर एकही यान गेलेलं नाही. दुर्बिणीतून ती एरवी एक ठिपका दिसते. तरीही तिचं वस्तुमान किती, तिचं द्रव्य किती घट्ट किंवा किती पोकळ, ती स्वतःभोवती किती वेळात फिरते, हे आपण बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. आणि तिच्या पोटात काय दडलंय यावर जाणकारांत वाद चालू आहे. हे शक्य झालं ते तिच्याभोवती फिरणाऱ्या दोन चिमुकल्या चंद्रांमुळे. ते सापडेपर्यंत तब्बल 135 वर्षं सिल्व्हिया यादीतलं एक नाव होती. एकट्या दगडाचं वजन करायला आकाशात तराजू नाही. त्याच्याभोवती काहीतरी फिरावं लागतं. या पुस्तकातली बहुतेक प्रकरणं या ना त्या मार्गाने याच मुद्द्याकडे येतात.

आधी पत्ता सांगतो. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा मुख्य पट्टा आहे हे शाळेच्या पुस्तकात असतं. हा पट्टा सलग नाही हे सहसा नसतं. सूर्यापासूनच्या अंतरानुसार लघुग्रह मांडत गेलं तर मध्येच रिकाम्या फटी लागतात. डॅनियल कर्कवुड या अमेरिकन गणितज्ञाने 1866 साली या फटी जाहीर केल्या, तेव्हा सगळे मिळून नव्वदसुद्धा लघुग्रह ठाऊक नव्हते. इतक्या तुटपुंज्या माहितीवरून त्याने बरोबर निष्कर्ष काढला, की या फटी गुरूने पाडल्या आहेत. एखाद्या अंतरावरचा लघुग्रह गुरूच्या एका फेरीत नेमक्या दोन फेऱ्या करत असेल, तर त्याला गुरूचा हिसका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा बसतो आणि कालांतराने त्याची कक्षा बिघडते. ही दोनास एकची फट सूर्य-पृथ्वी अंतराच्या सव्वातीन पटींच्या जरा पुढे आहे, आणि पट्ट्याचा दाट भाग तिच्यापाशी संपतो. सिल्व्हिया राहते ती त्या कुंपणाच्या पलीकडे, सरासरी 3.48 पटींवर, म्हणजे सूर्यापासून सुमारे 52 कोटी किलोमीटरवर. एका प्रदक्षिणेला तिला साडेसहा वर्षं लागतात. तिथल्या विरळ वस्तीला सिबिली गट म्हणतात. 1861 साली विल्हेल्म टेम्पेलने मार्सेयहून शोधलेल्या 65 सिबिलीवरून हे नाव पडलं.

आता सिल्व्हिया जिथून सापडली ते मद्रास. नुंगमबाक्कमची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1792 साली उभारली. तिच्या दुर्बिणीचा भार पेलणारा सुमारे दहा टनांचा ग्रॅनाइटचा खांब अजून त्या आवारात आहे. कंपनीला ग्रहगोलांचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. तिला जहाजं हाकायची होती आणि मुलूख मोजायचा होता. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमिती सर्वेक्षणाने रेखांश धरले ते या वेधशाळेपासून. पुढे रेल्वेची घड्याळंही इथल्या वेळेवर लागली. ही मद्रास वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. 1881 साली सरकारने ती मुंबईवर लादायचं ठरवलं तेव्हा मुंबईकरांनी एवढं रान उठवलं की दोनेक वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. मराठी माणसाचा मद्रासच्या वेधशाळेशी आलेला हा बहुधा सगळ्यात ठसठशीत संबंध, आणि तोही भांडणाचा!

त्या काळात वेधशाळेचा प्रमुख होता नॉर्मन पॉगसन. 1829 साली नॉटिंगहॅममध्ये जन्मलेला हा गृहस्थ ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत मदतनीस असताना तीन लघुग्रह शोधून बसला होता. खगोलशास्त्रात त्याचं नाव अमर झालं ते मात्र एका भागाकारामुळे. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती ग्रीकांपासून चालत आल्या होत्या : सगळ्यात ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. पण एका प्रतीतून दुसरीत जाताना तेज किती पटींनी उतरतं, याचा नियम नव्हता; जो तो आपापल्या अंदाजाने चालायचा. पॉगसनने 1856 साली सुचवलं, की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात नेमका शंभर पटींचा फरक धरावा. मग एका प्रतीचा फरक 2.512 पटींचा येतो. आज जगभर हेच माप चालतं. गंमत म्हणजे हे त्याने मांडलं ते ताऱ्यांवरच्या निबंधात नव्हे. त्या काळी माहीत असलेले छत्तीस लघुग्रह पुढच्या वर्षी दर महिन्याला किती तेजस्वी दिसतील याचं कोष्टक त्याने तयार केलं होतं, आणि तो नियम त्या कोष्टकाच्या सोयीसाठी आला. लघुग्रह शोधणाऱ्याला ते लागायचंच : आज रात्री कुठला ठिपका किती मंद असणार हे आधी कळलं, तर ओळखीचे बाजूला काढून अनोळखी हेरता येतात.

1861 च्या सुरुवातीला तो मद्रासला आला आणि त्याच एप्रिलमध्ये त्याने 67 एशिया शोधला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह. 1864 मध्ये 80 सॅफो. आणि 16 मे 1866 रोजी आपली 87 सिल्व्हिया.

हे शोधायचे कसे, त्याची पद्धत नीट सांगायला हवी, कारण फोटोग्राफी आल्यावर ती पद्धत आणि ते डोळे दोन्ही गेले. आकाशाचा एक लहानसा तुकडा निवडायचा, त्यातल्या मंद ताऱ्यांचा नकाशा बनवायचा किंवा तयार असलेला घ्यायचा. मग दुर्बिणीला डोळा लावून एकेक तारा नकाशाशी ताडून पाहायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला तर हुरळून जायचं नाही. नकाशात चूक असू शकते, रूपविकारी तारा असू शकतो. त्या ठिपक्याचं शेजारच्या ताऱ्यांपासूनचं अंतर मोजून ठेवायचं आणि थांबायचं. सूर्याच्या विरुद्ध बाजूला असताना सिल्व्हिया चोवीस तासांत चंद्रबिंबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी सरकते, म्हणजे काही तासांत हललीय हे कळतं. आकाश ढगाळलं तर सगळं मुसळ केरात. तिची प्रत अशा वेळी साडेअकराच्या आसपास असते. डोळ्यांना दिसणाऱ्या शेवटच्या ताऱ्याहून शंभर पटींपेक्षा जास्त मंद. हे मद्रासच्या मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, शिशाच्या पेन्सिलीने चाललेलं काम आहे. माक्स वोल्फने हायडेलबर्गला फोटोच्या काचेवर पहिला लघुग्रह पकडला तो डिसेंबर 1891 मध्ये. पॉगसन त्याच वर्षी जूनमध्ये मद्रासला वारला होता.

पॉगसनबद्दल लिहिताना त्याच्या भोवतीच्या माणसांना एका ओळीत गुंडाळायची रीत आहे. मला ती मान्य नाही. चिंतामणी रघुनाथाचारी हे त्याचे पहिले मदतनीस स्वतः कसलेले निरीक्षक होते. 1867 साली त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला, 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी स्वतंत्र तुकडी चालवली, आणि 1872 साली लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे ते फेलो झाले. तो मान मिळालेले पहिले भारतीय. 1874 च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी त्यांनी लोकांना ते समजावून सांगणारी पुस्तिका काढली, इंग्रजीबरोबर उर्दू आणि कन्नडमध्येही. पॉगसनची मुलगी आयसिस 1873 पासून वेधशाळेत मदतनीस होती. तिचं नाव 1886 साली त्याच सोसायटीपुढे गेलं आणि बाई असल्यामुळे अडलं; फेलो व्हायला तिला 1920 साल उजाडावं लागलं. मद्रासच्या कामाचं श्रेय वाटताना ही दोन नावं तळटिपेत ढकलू नयेत, म्हणून पुस्तकाचं दुसरं प्रकरण मुद्दाम मोठं ठेवलंय.

सिल्व्हियाच्या नावाबद्दल एक वाद आहे, तो इथेच मिटवून पुढे जाऊ. फ्रेंच खगोललेखक कामीय फ्लामारियाँ याच्या बायकोचं नाव सिल्वी. लघुग्रहाला तिचंच नाव दिलं असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं. पण त्यांचं लग्न 1874 सालचं, शोध 1866 चा; आणि पॉगसनने स्वतःच आपल्या निवेदनात रोमन पुराणातल्या रिया सिल्व्हियाचा उल्लेख केला आहे. रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची ती आई. तिच्या पदरात पुढे खरोखरच दोघे पडणार आहेत हे पॉगसनला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

त्यानंतरच्या सव्वाशे-दीडशे वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कक्षा पक्की झाली. तेज कमी-जास्त होतं त्यावरून ती 5 तास 11 मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेते हे कळलं. एवढ्या मोठ्या अंगाच्या मानाने ही गिरकी फार जलद. तेजाचे चढउतार चांगलेच मोठे, त्यावरून ती गोल नसून लांबोडकी असणार हेही कळलं. अवरक्त किरणांच्या मोजमापांतून आकाराचा अंदाज आला. पण बिंब दिसायचं नाही ते नाहीच. ते का, याची एकदा कल्पना घ्या. सिल्व्हियाची लांबी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त आहे, तरी पृथ्वीवरून ती दिसते, तेवढाच सिंहगडावर उभा धरलेला एक रुपया शनिवारवाड्यातून दिसेल. आणि मध्ये हवा आहे, जी सतत थरथरत असते.

त्या थरथरीवर तोडगा निघाला तो अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचा. दुर्बिणीतल्या एका लवचीक आरशाचा आकार सेकंदाला शेकडो वेळा बदलत हवेने केलेली मोडतोड तिथल्या तिथे भरून काढायची. हे तंत्र मोठ्या दुर्बिणींवर बसल्यावर लघुग्रहांचे चंद्र एकेक करून बाहेर पडू लागले. अशा चंद्राचं अस्तित्व गॅलिलिओ यानाने 1993 साली आयडा या लघुग्रहाजवळून जाताना सिद्ध केलंच होतं. 18 फेब्रुवारी 2001 रोजी मायकेल ब्राउन आणि जाँ-लूक मार्गो यांना हवाईतल्या केक दुर्बिणीतून सिल्व्हियाशेजारी एक मंद ठिपका दिसला. मग फ्रांक मार्शी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या 8.2 मीटरच्या दुर्बिणीने तिची चित्रं घेतली, आणि त्यात आणखी आतल्या कक्षेतला, आणखी लहान असा दुसराही चंद्र निघाला. ऑगस्ट 2005 मध्ये हे जाहीर झालं. दोन चंद्र असलेला हा पहिलाच लघुग्रह. आई रिया सिल्व्हिया होतीच. मुलांची नावं काय ठेवायची याला पर्यायच नव्हता. बाहेरचा रोम्युलस, आतला रीमस.

इथे वाचकाने कॅल्क्युलेटर घ्यावा अशी माझी विनंती आहे. पुस्तकात पुढे बरंच गणित आहे आणि त्यातलं बरंचसं वगळलं तरी चालेल, पण एवढं एक स्वतः केल्याशिवाय पुढे जाऊ नये. रोम्युलस सिल्व्हियापासून सुमारे 1,350 किलोमीटरवर आहे आणि 3.65 दिवसांत एक फेरी पुरी करतो. आपला चंद्र 3,84,400 किलोमीटरवर आहे आणि त्याला 27.3 दिवस लागतात. म्हणजे आपला चंद्र अंतराने 285 पट लांब, फेरीच्या काळाने साडेसात पट सावकाश. केप्लर आणि न्यूटन यांचा नियम सांगतो : मधल्या गोलाचं वस्तुमान अंतराच्या घनाला फेरीच्या काळाच्या वर्गाने भागून मिळतं. 285 चा घन साधारण 2 कोटी 31 लाख. साडेसातचा वर्ग 56. भागाकार आला चार लाख बारा-तेरा हजार. झालं! पृथ्वी सिल्व्हियाच्या सव्वाचार लाख पटींच्या आत-बाहेर जड आहे. आता आकार बघा. सिल्व्हियाचं सगळं द्रव्य गोल वळलं तर त्या गोळ्याचा व्यास 271 किलोमीटर भरेल. पृथ्वीचा व्यास त्याच्या 47 पट, म्हणून घनफळ एक लाख चार हजार पट. वजन चार लाख पट पण घनफळ फक्त लाख पट, तेव्हा सिल्व्हियाचं द्रव्य पृथ्वीच्या द्रव्याच्या साधारण एक चतुर्थांश घनतेचं. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट. सिल्व्हियाची त्यामुळे 1.38 पट.

1.38 हा आकडा विचित्र आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाची घनता तीनच्या आसपास असते. अखंड खडकाची बनलेली असती तर सिल्व्हिया याच्या दुप्पट तरी भरली असती. म्हणजे एकतर तिच्या पोटात बरीच पोकळी आहे, किंवा बर्फ आहे, किंवा दोन्ही. 2005 साली आकाराचा अंदाज जरा मोठा होता, त्यामुळे घनता 1.2 निघाली होती. आणि तेव्हा सगळ्यांनी पसंत केलेलं उत्तर म्हणजे दगडगोट्यांची रास. एखादा मोठा पिंड टकरीत फुटला, तुकडे स्वतःच्याच गुरुत्वाने पुन्हा गोळा झाले, पण मध्ये फटी राहून गेल्या. उरलेल्या चुऱ्यातून दोन चंद्र झाले. हे चित्र साफ चुकीचं नाही. डेव्हिड व्होक्रूलित्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं, की सिल्व्हियासारख्याच कक्षांमध्ये लहान लघुग्रहांचा एक जमाव हिंडतो आहे. तोही टकरीतला उडालेला भाग असावा. टक्कर झाली यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की टकरीने सगळा पिंड ढवळून काढला का नुसती साल सोलली.

मधल्या काळात हौशी निरीक्षकांनी या कामात जी भर घातली ती मला पुस्तकातली सर्वांत आवडती गोष्ट वाटते. लघुग्रह एखाद्या ताऱ्यावरून जातो तेव्हा तारा काही सेकंद दिसेनासा होतो. याला पिधान म्हणतात. पृथ्वीवरून सरकणाऱ्या त्या सावलीच्या वाटेत वेगवेगळ्या गावी माणसं बसवली, आणि कुणाचा तारा किती वाजून किती सेकंदांनी गेला आणि आला हे टिपलं, तर त्या नोंदी जोडून लघुग्रहाची बाह्यरेषा किलोमीटर-दोन किलोमीटरच्या नेमकेपणाने मिळते. यात मोठी दुर्बीण लागत नाही. घड्याळ पक्कं लागतं. 6 जानेवारी 2013 रोजी सिल्व्हियाचं असं पिधान युरोपातून दिसणार होतं. चंद्रांच्या कक्षा इतक्या चांगल्या ठाऊक झाल्या होत्या की रोम्युलसची सावली कुठून जाईल याचंही भाकीत केलं गेलं, आणि त्या वाटेवर बसलेल्या काही जणांना रोम्युलसने खरोखरच तारा झाकून दाखवला. आधी 18 किलोमीटरचा समजला जाणारा हा चंद्र प्रत्यक्षात 23-24 किलोमीटरचा आणि लांबट आहे हे त्या काही सेकंदांतून कळलं. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था आपल्याकडे 1944 पासून आकाश बघताहेत, गच्चीवर दुर्बीण असलेले लोक आता प्रत्येक शहरात आहेत. पिधानाच्या नोंदी घेणं त्यांच्या आवाक्यातलं आहे. ग्रहणाच्या चष्म्यांवर जेवढी शक्ती आपण घालवतो तिचा थोडा वाटा इकडे वळावा असं मला फार वाटतं.

आता वादाकडे. लांबट, चपट्या पिंडाचं गुरुत्वाकर्षण गोल पिंडासारखं नसतं. कमरेपाशी जास्त द्रव्य असल्यामुळे जवळून फिरणाऱ्या चंद्राच्या कक्षेला हळूहळू पीळ बसतो. सिल्व्हियाची लांबी रुंदीच्या जवळजवळ दीडपट आणि जाडीच्या पावणेदोन पटींहून जास्त. आतून ती सगळीकडे सारखी असेल तर हा पीळ चांगलाच जाणवायला हवा. माझ्या हिशेबाने रीमसच्या कक्षेची दिशा दिवसाला दीड-एक अंश फिरायला हवी. ज्युलिया फँग, मार्गो आणि पात्रिसियो रोहो यांनी 2012 साली चंद्रांच्या जागांवरून चपटेपणाचा गुणांक काढला, तो 0.1 च्या घरात आला. सारख्या पिंडाला शोभेल असा. 2014 साली जेरोम बर्तिये आणि सहकाऱ्यांनी पिधानाची नोंद धरून तोच गुणांक काढला, तो 0.024. आणि 2021 साली बेनोआ कारी आणि सहकाऱ्यांनी आणखी धारदार चित्रं वापरून सांगितलं की पीळ दिसतच नाही. दोन्ही चंद्र असे फिरतात, जणू सगळं वस्तुमान मधोमध एका लहान गोल गाभ्यात आहे आणि बाहेरचा लांबट आकार निव्वळ हलक्या द्रव्याचा आहे.

हे खरं असेल तर दगडगोट्यांच्या राशीचं चित्र बदलावं लागतं. कारी यांच्या चमूचं म्हणणं असं : सिल्व्हिया जन्माला आली तेव्हा धूळ आणि बर्फ यांचं ते मिश्रण होतं. आतल्या दीर्घायुषी किरणोत्सारी द्रव्यांच्या उष्णतेने मधला बर्फ वितळला, पाणी झिरपलं, खनिजं पाण्यात मुरून बदलली आणि जड भाग खाली बसला. बाहेरचा थर थंडच राहिला, म्हणून तो अजून मूळच्या सच्छिद्र धुळीसारखा आहे. या जातीचे काळे लघुग्रह आणि आपल्याकडच्या संग्रहांतले उल्कापाषाण यांचा मेळ सहसा बसत नाही, पण वातावरणाच्या वरच्या थरात विमानांनी गोळा केलेल्या अंतर्ग्रहीय धुलिकणांशी त्यांचा वर्णपट बराच जुळतो. तेही समजण्यासारखं आहे. इतकं ठिसूळ द्रव्य पृथ्वीच्या हवेतून धोंडा होऊन खाली कसं पोहोचणार? त्यातूनच पुढचा तर्क निघतो, की सिल्व्हिया मुळात इथली नसावी. महाग्रहांच्या कक्षा सुरुवातीच्या काळात हलल्या तेव्हा धूमकेतूंच्या देशातले काही पिंड आत फेकले गेले आणि पट्ट्याच्या बाहेरच्या काठाला अडकले, त्यांतलीच ती असावी.

मला स्वतःला हा सगळा तर्क पटतो, पण गाभ्याच्या पुराव्याला मी अजून पूर्ण गुण देत नाही. दोन्ही चंद्रांच्या कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहेत आणि सिल्व्हियाच्या विषुववृत्ताच्या पातळीत आहेत. वर्तुळाला ना टोक ना शेंडा. ते फिरलं हे ओळखायचं कशावरून? पीळ दिसला नाही याचा अर्थ पीळ नाही, असं म्हणायला अशा कक्षांमध्ये फार बारीक मोजणी लागते, आणि तीन चमूंना तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली हेच त्या मोजणीच्या नाजूकपणाचं लक्षण आहे. दुसऱ्या बाजूला, नव्या चित्रांची गुणवत्ता जुन्यांपेक्षा उघड उघड सरस आहे, त्यामुळे 2012 चं उत्तर परत येईल असं मला वाटत नाही. पाचव्या प्रकरणात दोन्ही बाजू त्यांच्या त्यांच्या आकड्यांसकट मांडल्या आहेत.

107 कॅमिलाला एक छोटं स्वतंत्र प्रकरण आहे. तीही सिबिली गटातली, तीही काळी आणि लांबट, तीही पॉगसनने मद्रासहून 1868 साली शोधलेली. तिचा पहिला चंद्र 2001 साली हबल दुर्बिणीला सापडला आणि दुसरा 2016 साली जाहीर झाला. मद्रासच्या त्या आवारातून सापडलेल्या दोन लघुग्रहांना पुढे दोन-दोन चंद्र निघावेत, हा योगायोग आहे. मोठ्या, जलद फिरणाऱ्या, टकरी खाल्लेल्या पिंडांना चंद्र असण्याची शक्यता मुळातच जास्त, आणि त्या काळच्या दुर्बिणींत मोठेच पिंड सापडायचे. पॉगसनचा शेवटचा लघुग्रह 245 व्हेरा 1885 सालचा. त्यानंतर भारतातून नवा लघुग्रह सापडायला शंभरहून अधिक वर्षं गेली : फेब्रुवारी 1988 मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरहून आर. राजमोहन यांना सापडलेला 4130 रामानुजन. मधला हा खंड का पडला याची उत्तरं वेधशाळेच्या अंदाजपत्रकात आहेत, आकाशात नाहीत. ती कथाही या प्रकरणात थोडक्यात आली आहे.

वाचणाऱ्यांसाठी दोन सूचना. प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. इतिहासात रस असणाऱ्यांनी दुसरं आणि सातवं आधी वाचावं, गणिताला न घाबरणाऱ्यांनी थेट चौथं उघडावं. परिभाषा शक्यतो मराठी ज्योतिषग्रंथांत रुळलेली वापरली आहे, पण जिथे निरीक्षक आपसांत बोलताना इंग्रजी शब्द वापरतात तिथे तोच देवनागरीत ठेवला आहे. लवचीक आरशाच्या तंत्राला मी मुद्दाम नवा शब्द घडवलेला नाही.

गाभ्याच्या वादाचा निकाल सिल्व्हियाकडे न जाताही लागू शकतो. चिलीत 39 मीटरची दुर्बीण उभी राहते आहे. तिच्यातून रीमस आजच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसेल. शिवाय 2021 साली निघालेलं ल्यूसी यान 2033 मध्ये गुरूच्या कक्षेतल्या पॅट्रोक्लस या जोडलघुग्रहापाशी पोहोचणार आहे. तो सिल्व्हियाच्याच जातीचा, पण तिच्या निम्म्या व्यासाचा, साधारण 140 किलोमीटरचा. कारी यांच्या चमूच्या हिशेबाने एवढ्या आकाराच्या पिंडाच्या पोटातही बर्फ वितळून गाभा बनलेला असू शकतो. तो तसा निघाला किंवा न निघाला, तरी पाचवं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार, आणि तशी कल्पना प्रकाशकांना आताच दिलेली आहे.